नरसाळ्यातून उजेड

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला लोकल आठवते. आमचं कर्जत ते नव्हे. आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, गोदड महाराजांचं, रेहेकुरीच्या काळविटांचं. या दोन कर्जतांच्या घोळात पार्सलं अधूनमधून रायगडची हवा खाऊन येतात. अशीच आठ दिवस भटकून आलेली एक डबी मामांच्या दुकानात उघडली गेली, आणि तिच्यावरून मामा-भाचीची जुंपली. मी आयता साक्षीदार होतो. घरच्या मॉडेमवर सकाळपासून लाल दिवा होता, म्हणून तक्रार घेऊन दुकानात जाऊन बसलो होतो.

मामा अख्ख्या गल्लीचे मामा आहेत. केबल टीव्हीच्या काळापासून खांबावर चढतायत, आता फायबरचे जॉइंट मारतात. भाची मात्र त्यांची सख्खी. पुण्यात भौतिकशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय ऐकून मामा नेहमी हसतात: प्रकाश चिपमध्ये शिरवायचा कसा.

डबीत निघाला एक-ते-आठचा स्प्लिटर. करंगळीएवढी चपटी स्टीलची नळी, एका टोकाला एक फायबर, दुसऱ्या टोकाला आठ.

"ही तुमच्या त्या चिपची बहीणच आहे बरं का," भाची म्हणाली. "तुम्ही रोज खांबावर लावता, आणि मला हसता."

"चिप कसली? कपलर हाये हा."

"कपलर जुना. तो दोन फायबर पिळून, तापवून, ओढून केलेला. हा पीएलसी आहे. आत काचेचा सपाट तुकडा आहे आणि त्याच्यात प्रकाशाच्या वाटा कोरल्यासारख्या बसवल्यात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ."

मामांनी कोपऱ्यातून उंदरांनी कुरतडलेला एक स्प्लिटर काढला आणि पक्कडीनं त्याचं स्टील सोललं. आत डिंकासारख्या चिकट पदार्थात रुतलेली नखाएवढी काच. दोन्ही टोकांना काचेचेच ठोकळे चिकटवलेले, त्यांच्यात फायबर कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं पडलेल्या. भिंगातून पाहिलं तरी त्या वाटा काही दिसेनात. काचेत काच, फक्त किंचित जास्त घट्ट. मामा बराच वेळ भिंग फिरवत राहिले.

"म्हंजे इथं," त्यांनी नखानं सांधा दाखवला, "फायबरमधला उजेड ह्या सपाट काचेत उतरतो."

"हो. आणि सगळी भानगड त्या सांध्यावर आहे. वाट आठ-नऊ मायक्रॉनची. तुमच्या डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा. एक मायक्रॉन सरकलं तर चार टक्के प्रकाश गेला. पाच मायक्रॉन सरकलं तर साठ टक्क्यांच्या वर."

इथपर्यंत दोघांचं जमत होतं. बिनसलं ते पुढच्या वाक्यावर.

"मंग एवढी नाजूक कामं करण्यापरीस," मामा म्हणाले, "मागचा दिवा मोठा लावावा. भिंगानं गोळा करावा, आन् द्यावा आत ढकलून. बत्तीतून नाय जात? पाच वॅटचा एलईडी तीनशे रुपयाला मिळतो. लेझरचे लाड कशाला?"

"जाणार नाही."

"का नाय? भिंगानं कागद पेटतो. लहानपणी तूच पेटवलाय, माझी पावती जाळलीस."

"तो एलईडी एक मिलिमीटर रुंद, उजेड फेकतो चहूकडे. फायबरचा गाभा नऊ मायक्रॉनचा, आणि त्याला समोरून आठेक अंशांच्या आत आलेलाच किरण चालतो. कितीही भारी भिंग आणा मामा, दहा लाखांतला एखादा वाटा आत जाईल. बाकी बाहेर."

मामांना हे पटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही लगेच पटलं नाही. भिंग बारीक ठिपका करतं हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मामांनी तर थेट नरसाळं पुढे केलं. "हे बघ. वरून घागरभर ओत, खालून बाटलीत जाणार. कुकडीचं पाणी कालव्यातनं चारीत, चारीतनं सऱ्यांत. मोठ्यातनं बारक्यात घालायचं म्हंजे नरसाळं. उजेडाला नरसाळं का नसावं?"

भाचीनं वाद घातला नाही. चहाच्या पुड्याचा चंदेरी कागद मागितला. आतली चकाकी आत ठेवून लांबट शंकू वळला, टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवलं. दुकानातला दिवा घालवला, आणि मामांच्या बॅटरीचं तोंड शंकूच्या रुंद बाजूला धरलं.

टोकातून उजेड आला, पण पाहून हसू यावं इतका. झोत नव्हताच. भोकापासून वीतभर अंतरावर तो फिसकटून भिंतभर पांगला. गंमत दुसरीकडे होती. बॅटरी आणि कागदाच्या फटीतून मामांचा अंगठा आणि मनगट लख्ख उजळलं होतं. उजेड परत येत होता.

"प्रत्येक धडकेला किरण जास्त तिरपा होतो," ती म्हणाली. "भिंती जवळ येत जातात तसा तो आडवा होत जातो. शेवटी आडवा होऊन उलटा फिरतो आणि आल्या वाटेनं बाहेर. पाण्याला मागून दाब देता येतो. उजेडाला मागचा उजेड ढकलत नाही."

"मंग कागद कसा पेटला?"

"सूर्य आभाळात केवढासा दिसतो? अर्ध्या अंशाचा. त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. भिंगानं जागा आकसली, पण बदल्यात कोन पसरला. जागा आणि कोन यांचा गुणाकार तेवढाच राहतो, एक कमी केलं की दुसरं वाढतं. सूर्याकडे कोन वाढवायला भरपूर जागा होती. एलईडी आधीच चहूकडे फेकतोय, त्याचा कोन आणखी कुठे वाढवणार?"

मामा गप्प झाले. हरून नाही, हिशेब करत. मला मात्र तेव्हा कोल्हापूर आठवलं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीचा सूर्य बरोबर त्या कोनात येतो, महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत किरण पोचतात, एक दिवस पायाशी, पुढे कमरेशी, मग मुखावर. इतर दिवशी सूर्य काही कमी तळपत नाही. पण दार अरुंद, वाट लांब, कोन चुकला की उजेड उंबऱ्यावरच अडतो. मी हे बोलून दाखवलं.

"तंतोतंत," भाची म्हणाली.

"आन् तिथं मधी इमारती, फलक आडवे आले की किरण पोचत नाय, हेबी पेपरात येतं," मामा फटकन म्हणाले. "कोन बरोबर असून पोचत नाय. म्हंजे मी म्हणतो ते. वाट साफ पाहिजे!"

हा त्यांचा खरा मुद्दा. मोठ्या दिव्याचा हट्ट त्यांनी सोडला होता, पण शरण गेले नव्हते. त्यांचं म्हणणं: तुमची गणितं प्रकाश हद्दीत आणून सोडतात, आत घालतो तो हात. क्लीव्हरनं काच काटकोनात मोडली नाही, स्पिरिटानं पुसली नाही, की गणित गेलं उडत.

मग भाचीनं दुकानातल्या शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे ॲक्रिलिकच्या पाटीवर कोरलेला गणपती होता, खाली लाकडी बैठकीत एलईडी. जत्रेत मिळतो तो. चार मिलिमीटर जाडीची पाटी, उजेड खालच्या काठातून शिरतो, पाटीत दिसतही नाही, आणि कोरलेल्या रेघांवर येऊन फुटतो. मूर्ती हवेत तरंगल्यासारखी वाटते.

"हीसुद्धा सपाट वाटच आहे. इथे तुमचा स्वस्त एलईडी चालतो, कारण पाटी एलईडीपेक्षा जाड आहे. काठातून जो किरण आत शिरेल तो सगळा अडकतो, ॲक्रिलिकच तेवढं दाट आहे. आता तोच एलईडी पाटीच्या सपाट तोंडावर धरा."

मामांनी धरला. उजेड आरपार गेला, मागच्या कॅलेंडरवर पडला. गणपती अंधारात.

"समोरून आलेला किरण समोरूनच निघून जातो. खिडकीच्या काचेसारखा. सपाट काचेत वरून प्रकाश घालणं हेच तर कोडं होतं. १९६९ साली बेल लॅबमध्ये टिएन यांच्या चमूनं काचेवर चढवलेल्या पातळ थरावर लोलक दाबून धरला. मध्ये प्रकाशाच्या एका लहरीपेक्षाही बारीक फट. लोलकात तिरपा आलेला किरण खरं तर तिथूनच परत फिरायचा, पण त्याची थोडी झिरप फटीपलीकडे पोचते. ती झिरप थराच्या चालीशी जुळली की प्रकाश गळत गळत थरात उतरतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी लोलकाऐवजी थरावर बारीक रेघा मारल्या. आम्ही अजून तेच करतो. सिलिकॉनवर सहाशे नॅनोमीटर अंतराच्या रेघा, वरून जराशी तिरपी धरलेली फायबर. निम्मा प्रकाश आत गेला तरी आम्ही खूष."

"निम्मा?" मामा ओरडलेच. "तीन डीबी! मी एका जॉइंटला पाव डीबी घालवला तर साहेब फोनवर शिव्या घालतो. आन् तुम्ही तीन डीबी घालवून पेपर छापता?"

हा तडाखा बरोबर बसला. भाचीही हसली. डीबीची भाषा ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी: तीन डीबी गेले म्हणजे निम्मं गेलं, दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. मामांच्या मशीनचा चांगला जॉइंट दोन-पाच शतांश डीबीत बसतो.

"कारण तुमचं सोपं आहे," ती म्हणाली. "फायबरला फायबर. दोन्ही दारं सारखी. या स्प्लिटरमध्येही वाट मुद्दाम फायबरएवढीच ठेवतात, म्हणून सांध्यावर फारसं जात नाही. जातं ते वाटणीत. आठ जणांत वाटलं की नऊ डीबी हिशेबानंच गेले, वर एखादा. माझ्या सिलिकॉनच्या वाटेची रुंदी साडेचारशे नॅनोमीटर, उंची दोनशे वीस. फायबर थेट चिकटवली तर शंभरातला जेमतेम एक भाग आत जाईल."

"मंग तोंड रुंद करायचं ना. कालव्याला करतात तसं."

"तेही करतात. पण सगळ्यात चांगली युक्ती उलटी आहे. तोंड अजून बारीक करायचं. शंभर नॅनोमीटरपर्यंत निमुळतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. शिकली-सवरली पोर बिघडली, असा चेहरा.

"वाट इतकी बारीक झाली की प्रकाश तिच्यात मावत नाही. मग तो तिच्याभोवती पसरून चालतो, सुतळीभोवती धुकं धरावं तसा. पसरून फुगला की फायबरमधल्या ठिपक्याच्या मापाला येतो. मापाला माप जुळलं की आत. पुढे वाट हळूहळू रुंद करत न्यायची, धुकं आपोआप आत ओढलं जातं. घाई केली तर उधळतं, म्हणून हळूहळू."

नरसाळ्याच्या बरोबर उलटी ही गोष्ट. तोंड बारीक केल्यानं पाहुणा आत येतो, हे मी तीन दिवस मनात घोळवतोय. किरण म्हणजे सरळ रेघ, या शाळेत शिकलेल्या आणि आयुष्यभर शिकवलेल्या चित्रात ते बसत नाही. इतक्या लहान मापाला ते चित्र संपतं, एवढंच तिचं म्हणणं मी लिहून ठेवलं आहे.

मामांनी मात्र दुसराच प्रश्न काढला. "ते राहू दे. ह्या ठोकळ्यातल्या आठ फायबरी आन् काचेतल्या आठ वाटा समोरासमोर आणल्या कुणी? गणितानं?"

"फायबर बसतात व्ही आकाराच्या खाचांत, त्या खाचा मोजून मापून कोरलेल्या असतात. मग एकीकडून प्रकाश सोडतात, दुसरीकडे मीटर लावतात आणि ठोकळा कणभर कणभर हलवत राहतात. आकडा सगळ्यात वर गेला की थांबायचं, अतिनील दिवा मारून डिंक पक्का करायचा."

"आकडा वर जाईस्तोवर हलवायचं!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मंग मी खांबावर काय करतो?"

"पण तिथे यंत्र हलवतं, मामा."

"यंत्राला हलवायचं शिकवलं कुणी? हातानंच ना? कंपनीत वातानुकूलित खोली. इथं दुपारी बेचाळीस डिग्री, खाली ट्रॅक्टरची धूळ, एका हातानं खांब धरलेला."

"उन्हानं हा सांधा का सुटत नाही ते बघा. चिप काचेची, ठोकळे काचेचे, फायबर काचेची. तापलं की सगळी सारखीच फुगतात, एकमेकांपासून सरकत नाहीत. आणि टोकं आठ अंश तिरकी घासलेली, म्हणजे परत फिरलेला उजेड आल्या वाटेनं लेझरकडे जाऊन त्याला त्रास देत नाही. हे सगळं कुणीतरी आधी कागदावर बसून ठरवलंय. धूळ तुम्ही पुसाल. आठ अंश पुसून येत नाहीत."

"हिरवा कनेक्टर," मामा पुटपुटले. "तिरका म्हणून हिरवा. निळ्यात हिरवा घातला की वाट लागते, ते एवढ्यासाठी."

आमच्याकडच्या राशीनच्या देवीच्या दीपमाळा हलतात तरी पडत नाहीत, तसंच ह्या सांध्याचं, असं ते पुढे म्हणाले. मला ती उपमा नीटशी लागू वाटली नाही. तिथलं कारण बांधकामाचं. पण भाचीनं मान डोलावली. मामाचा मान राखायला असेल.

माझा लाल दिवा तसाच होता. सात वाजता आम्ही तिघं खांबाशी गेलो. खांबावरच्या डबीत मुंग्यांनी बोटभर माती भरली होती, आणि माझ्या घराचा हिरवा कनेक्टर खाचेतून अर्धा निसटलेला. मामांनी मीटर लावला: उणे ३१, म्हणजे एका मिलिवॅटच्या खाली एकतीस डीबी. मॉडेमला उणे २७ पर्यंतच वाचता येतं. उणे २७ म्हणजे एका मिलिवॅटचा पाचशेवा भाग, तेवढ्यात घरचा सिनेमा चालतो हे मला त्या दिवशीच कळलं.

"बघ," मामा वरून ओरडले. "तुझं आठ अंश बरोबर, माप बरोबर, लेझर बरोबर. आन् मुंग्यांनी घालवलं."

"मुंग्यांनी दोन तोंडांत अंतर पाडलं," ती खालून. "हवेत प्रकाश पसरतो, पसरला की माप जुळत नाही. म्हणजे मी म्हणते तेच!"

मामांनी ब्रशनं माती झाडली, स्पिरिटाची चिंधी फिरवली, टोक एकदाच एका दिशेला पुसलं, कनेक्टर खटकन आवाज येईपर्यंत बसवला. उणे २१. दहा डीबी परत, म्हणजे दसपट प्रकाश. दिवा तोच, पलीकडच्या टोकाचा लेझर कुणी हातही न लावलेला. इथे मी भाचीच्या बाजूनं आहे: मामांनी जे केलं ते तिच्याच गणितातलं पहिलं कलम होतं, तोंडाला तोंड लागलं पाहिजे. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, कलम तुमचं, शिडी माझी. त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाता जाता मामांनी लाल लेझर पेन पॅचकॉर्डला लावून भाचीला वाकलेली फायबर दाखवली. बोटाभोवती करकचून गुंडाळली की वळणावर लाल उजेड बाहेर पाझरतो. ती म्हणाली, "कोन मोडला." ते म्हणाले, "वाकवली." दोघं एकच बोलत होते, आणि दोघांनाही तसं वाटत नव्हतं.

वाचकांना मात्र एक विनंती आहे, आणि ती दोघांनी मिळून करायला सांगितली आहे. घरच्या मॉडेममागचं हिरवं टोक काढून त्यात डोळा घालून पाहू नका, पोरांना पाहू देऊ नका. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही. घरापर्यंत येईस्तोवर तो क्षीण झालेला असला, तरी वाटेतलं कुठलं टोक किती जोरावर आहे ते बाहेरून कळत नाही. लाल दिवा लागला तर टोकाला टोपण घाला आणि वायरमनला फोन करा.